आजीच्या कानांना चकवणारा माणूस

आजचा रविवार खानापूरला आजीकडं गेला. आजीला आता जवळजवळ दिसत नाही, पण दारापुढनं कोण गेलं ते खोकण्यावरनं सांगते. दुपारी भाच्यानं 'झपाटलेला' लावला. आजी भिंतीला टेकून नुसती ऐकत होती. तात्या विंचूचा तो घोगरा, चिरका आवाज आला की तिची जपमाळ थांबायची. संध्याकाळी 'चौकट राजा' लावला. नंदूचं अडखळत, लहान पोरासारखं बोलणं ऐकून तिनं पदर डोळ्याला लावला.

"आजी, दोन्ही एकच माणूस. दिलीप प्रभावळकर."

ती मानेचना! मग मी सांगितलं, 'हसवाफसवी' नाटकात एकट्यानं सहा भूमिका केल्यात, 'लगे रहो मुन्नाभाई'तले गांधीजीही तेच, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय. वेश, मेकअप यांचं कौतुक आपण डोळसांनी करावं. आजीपुढं फक्त आवाज होता, आणि गल्लीभर माणसं आवाजावर ओळखणारी माझी आजी त्या एका माणसापुढं फसली. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "येवढी माणसं एका नरड्यात ठेवतोय कशी गा त्यो?"

निघताना म्हणाली, पुढच्या रविवारी ते गांधीजींचं लाव.