बोल्ट कोणाचा?

मृग जवळ आला की सिंधुदुर्गातल्या बंदुका माझ्या टेबलावर येऊ लागतात. बहुतेक ठासणीच्या किंवा एकनळी, पीक राखण्याच्या परवान्यावरच्या. कुणाचा घोडा अडकतो, कुणाच्या नळीला आतून गंज धरतो. खारं वारं लोखंडाला सोडत नाही. मी ईएमईत, म्हणजे सैन्याची यंत्रं-हत्यारं दुरुस्त करणाऱ्या दलात, आर्मरर (हत्यारं दुरुस्त करणारा) होतो. निवृत्त झाल्यावर परवाना काढून कुडाळ तालुक्यात दुरुस्तीचं दुकान टाकलं. रायफल मात्र इथे क्वचितच येते, म्हणून त्या दिवशी गिऱ्हाईक म्हणून आलेल्या एका काकांच्या खांद्यावरच्या खोळीतून .315 बोअरची (नळीच्या मापाची) रायफल बाहेर निघाली तेव्हा हातातलं काम मी बाजूला सारलं.

ही रायफल मला घरच्यासारखी. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात लष्कराची .303 बनायची, तिच्याच ठेवणीवर ही नागरिकांसाठी केलेली. बोल्ट, म्हणजे काडतूस आत सारून मागून नळी बंद करणारा दांडा, तोच, चालही तीच. .303 चं काडतूस सैन्याचं, ते लोकांच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांनी शिकाऱ्यांना हे दुसरं काडतूस दिलं, आणि स्वातंत्र्यानंतरही आपल्या कायद्याने .303 ला निषिद्ध बोअरच ठेवलं. 1962 साली आपले जवान चीनशी लढले ते ही .303 हातात घेऊनच. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी तिला निरोप दिला तो थेट 2020 च्या प्रजासत्ताक दिनाला. सरकारी कोठारांतून ती गेली तरी तिची ही बहीण अजून कोकणातल्या माळ्यांवर आहे.

काकांबरोबर मुंबईहून आलेला पुतण्या होता आणि त्याच्याकडे खोकं होतं. काळा प्लॅस्टिकचा स्टॉक (लाकडाऐवजी बसवायचा सांगाडा), दुर्बीण बसवायचा माउंट, बटाला, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाला, लावायचं रबरी पॅड, नवा पट्टा. परदेशात जुन्या लष्करी रायफली विकत घेऊन लोक त्यांना असेच सुटे भाग चढवतात, ते त्याने बघितलेलं. मुलगा हौशी होता आणि वाचून आला होता. पावत्या मागितल्या तर त्याही काढून दाखवल्या.

"काका, नळी थोडी कापली तर हलकी होईल ना?" त्याने मला विचारलं.

ते सोडून बोल, असं मी त्याला सांगितलं. 1959 च्या शस्त्र कायद्यात नळी आखूड करण्यासाठी स्वतंत्र कलमच आहे, सहावं. आवाज दाबणारं नळकांडं तर कायद्याच्या व्याख्येत स्वतःच बंदूक ठरतं. हे सांगताना मी आवाज चढवत नाही, पण हसतही नाही. परवाना काकांच्या नावावर आहे आणि कोर्टात उभं राहावं लागलं तर त्यांनाच राहावं लागेल.

काकांची तक्रार वेगळीच होती. "हवालदारांनू, गोळी खंय जाता ताच कळना नाय. पूर्वी असा नव्हता." पुतण्याचं म्हणणं, लाकूड जुनं झालंय, दुर्बीण नाही, म्हणून. मला ते पटेना. लाकूड फुगून नळीवर दाब देऊ लागलं तर नेम एका बाजूला सरकतो, आणि कोकणात पावसाळ्यात हे होतंच. इथे मात्र गोळ्या चहूकडे विखुरत होत्या.

मी रिकाम्या पुंगळ्या मागितल्या. गोळ्यांचा हिशेब द्यावा लागतो म्हणून काकांनी त्या डब्यात जपून ठेवलेल्या. एक उचलून उजेडात फिरवली आणि खोकं बंद करायला सांगितलं. बुडाच्या जरा वर, पितळेवर गोल फिरलेली चकाकती रेघ. टोक वाकवलेली तार आत घालून भिंतीवरून ओढली, तर नेमकी त्याच जागी खाचेत अडकली. दुसरीतही तेच, तिसरीतही तेच.

ही रेघ ज्याने ओळखली नाही त्याने या जातीच्या रायफलीला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. काडतुसाच्या बुडाला कड असते. ती नळीच्या मागच्या तोंडाशी टेकते आणि मागून बोल्टचं डोकं तिला धरून ठेवतं. त्या दोघांत जागा जास्त राहिली की बार उडताना पुंगळीचा पुढचा भाग नळीच्या घराला चिकटून राहतो, बूड मात्र मागे ढकललं जातं, आणि मधलं पितळ ताणलं जातं. आज नुसती रेघ, उद्या पुंगळीचे दोन तुकडे. मग आतला गरम वायू मागे येतो, आणि मागे नेम धरणाऱ्याचा डोळा असतो. .303 ची ही जागा मोजायला आमच्याकडे गेज, म्हणजे ठरलेल्या जाडीचे मापाचे तुकडे, असायचे. .064 इंचाच्या गेजवर बोल्ट बंद व्हायलाच हवा, .074 च्या गेजवर होता कामा नये. सगळा खेळ इंचाच्या शंभराव्या भागाचा.

बोल्ट बाहेर काढला. मुठीच्या मागे नंबर कोरलेला असतो, बोल्ट ज्यात सरकतो त्या बॉडीवरही असतो, आणि दोन्ही एकच हवेत. इथे शेवटचे दोन आकडे वेगळे होते. लगना, म्हणजे बोल्टला जागेवर अडकवून धक्का झेलणाऱ्या त्याच्या दोन कानांना, निळी शाई लावून बोल्ट फिरवला तर शाई एकाच बाजूची पुसली गेली. म्हणजे सगळा धक्का एक लग सोसत होता, दुसरी नुसती शोभेला. या रायफलीच्या लग बोल्टच्या मागच्या अंगाला असतात. दोन्ही सारख्या टेकाव्यात म्हणून कारखान्यात प्रत्येक बोल्ट त्याच्या बॉडीशी घासून जुळवतात. एकीचा बोल्ट दुसरीत सरकतो, बंदही होतो, आणि माणूस तिथेच फसतो.

"तुमच्या घरात अशी दुसरी रायफल आहे?"

काका गप्प झाले. मग म्हणाले, थोरल्या भावाकडे आहे. दोघांनी एकदमच घेतलेल्या, नंबरही लागोपाठचे. खंडेनवमीला दोन्ही पूजेला एकत्र मांडतात. आदल्या दिवशी सगळ्या उघडून, पुसून, तेल लावून पाटावर. पुढचं मला विचारावं लागलं नाही. पुतण्यानेच मान खाली घातली, पुसायचं काम लहानपणापासून त्याचं.

मी त्याला रागावलो नाही. दोन सारखे बोल्ट एका पाटावर ठेवले तर जाणत्याचीही चूक होते, म्हणून पलटणीत एका वेळी एकच हत्यार उघडायचं असा दंडक असतो. पण थोरल्यांना तिथूनच फोन लावायला लावला: रायफल भरू नका, परवाना घेऊन स्वतः या. ते त्याच दिवशी दुपारी आले. खोळीतून रायफल काढली, बोल्ट बघितला. काकांचाच नंबर.

बोल्ट अदलाबदल केले. शाई पुन्हा लावली, दोन्ही लगांवरची सारखी पुसली गेली, काकांच्या रायफलीतही आणि थोरल्यांच्याही. नव्या खडकी बनावटीच्या गोळ्या झाडून बघायला परवानगीच्या मैदानावर गेलो. पहिला बार मी रायफल टायरला बांधून, चापाला लांब दोरी लावून काढला. पुंगळी स्वच्छ, रेघ नाही. मग काकांनी स्वतः पन्नास मीटरवर पाच गोळ्या मारल्या, सगळ्या तळहाताएवढ्या जागेत. त्याच जुन्या लाकडावर, दुर्बिणीशिवाय, नळीवरच्या उघड्या मक्षीने नेम धरून.

पुतण्याचं खोकं वाया गेलं असं नाही. रबरी पॅड बसवलं, काकांचा खांदा दुखतो आणि ते त्यांना मनापासून आवडलं. पट्टाही घातला. प्लॅस्टिकचा स्टॉक मी परत दिला. तो बसवताना रायफलीचा मागचा धक्का जिथे लाकडावर टेकतो त्या जागा तासून जुळवाव्या लागतात, आणि तो .303 च्या मापाचा, या बॉडीला मागे फट सोडत होता. जुनं लाकूड मात्र तपासलं. नळीखाली दोन जागी दाबल्याच्या खुणा होत्या, तेवढंच खरवडून मोकळं केलं आणि उघड्या लाकडाला कच्चं अळशीचं तेल पाजलं. लष्करी .303 चं बट काढण्याआधी पुढचं लाकूड उतरवावंच लागतं, नाहीतर बट आवळून धरणाऱ्या आतल्या लांब स्क्रूचं चौकोनी टोक फिरून ते लाकूड चिरतं. हे मी पुतण्याला हातात पेचकस देऊन दाखवलं, कारण घरी जाऊन तो काहीतरी उघडणार हे मला दिसत होतं.

दुर्बिणीचा हट्ट त्याने सोडलेला नाही. माउंट बॉडीला भोक न पाडता बसणारा आहे, तेव्हा माझी ना नाही. पण लाकूड एक पावसाळा बघू दे, नेम जागेवर राहतो का ते कळू दे. दिवाळीनंतर दोघे भाऊ रायफली घेऊन येणार आहेत. एका दिवशी नको, वेगवेगळ्या दिवशी या, असं सांगून ठेवलंय.