डोळा तिरळा दिसतोय? आधी फ्लॅश मारून फोटो काढा

‘मोठं झालं की होईल सरळ’ असं म्हणत वर्षं जातात. तीन-चार महिन्यांपर्यंत तान्ह्या बाळाचे डोळे अधूनमधून फिरले तर चालतं. त्यानंतरही फिरत असतील, किंवा एक डोळा कायमच वळलेला असेल, तर थांबू नका.

काही बाळं नुसती तिरळी भासतात. नाक बसकं असतं, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर कातडीची घडी असते. हातभर अंतरावरून, बाळ मोबाइलकडे बघत असताना, समोरून फ्लॅश मारून फोटो काढा. चमकेचा ठिपका दोन्ही डोळ्यांत सारख्याच जागी हवा. एका डोळ्यात तो कानाच्या बाजूला सरकला असेल तर डोळा आत वळलाय, नाकाकडे असेल तर बाहेर. अधूनमधून फिरणारा डोळा फोटोत सापडेलच असं नाही. रंकाळ्यावर उन्हात पोरगं एकच डोळा मिटत असेल, तर तीही खूण समजा. बाहुली पांढरी चमकली तर मात्र लगेच डॉक्टर गाठा, आत गाठ असू शकते.

मुलांचा चष्म्याचा नंबर डोळ्यात बाहुली मोठी करणारे थेंब घालूनच काढून घ्या. दोन-तीन वर्षांचं झाल्यावर आत वळू लागलेला डोळा बऱ्याचदा प्लस नंबरचा असतो: स्पष्ट दिसायला मूल जोर लावतं, त्या जोरानं डोळे आत ओढले जातात. चष्म्यानं सरळ होतात, काढला की पुन्हा वळतात. चष्म्यानं डोळा बिघडला असं समजून तो बंद करणारे पालक कमी नाहीत!

वळलेल्या डोळ्याचं चित्र मेंदू सोडून देतो, म्हणून तो आळशी होतो. पट्टी चांगल्या डोळ्यावर लावायची, बरं का. मध्यम कमजोरीला रोज दोन तास, जास्त असेल तर सहापर्यंत, डॉक्टर सांगतील तसं. चिकटपट्टी थेट कातडीवर, वरून चष्मा. काचेवर कापड लावलं तर पोरगं कडेनं बघतं. तेवढ्या वेळात चित्रं रंगवायला द्या. तपासणी चुकवू नका, जादा पट्टीनं चांगला डोळाही मंदावतो. सात वर्षांच्या आत गुण लवकर येतो. ऑपरेशनमध्ये स्नायू सैल किंवा घट्ट करतात. नंबर आणि आळस त्यानं जात नाहीत.

मोठ्या माणसाला अचानक दोन-दोन दिसू लागलं आणि एक डोळा झाकल्यावर एकच दिसलं, तर डोळ्यांची रेघ बिघडलीय. साखर-बीपीवाल्यांत नस दुखावते, बहुतेकांना तीनेक महिन्यांत उतार पडतो. तोवर दोन चित्रं जुळवणारा प्रिझमचा चष्मा किंवा एका काचेवर टेप. पापणी पडली, बाहुली मोठी झाली, डोकं ठणकतंय, तर मेंदूतली रक्तवाहिनी फुगलेली असू शकते. अशा वेळी चष्म्याच्या दुकानात नाही, त्याच तासाला कोल्हापूरच्या सीपीआर (सरकारी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या अपघात विभागात जा.