माजघरात दोन काचेची कौलं

१८ मे, राजापूर

शाकारणीचा आज दुसरा दिवस. वांदरांनी यंदा पंधरा-सोळा कौलं फोडली होती, ती बदलून झाली. मग गडी वर आहेतच म्हणून माजघरावर दोन काचेची कौलं बसवून घेतली. हे तीन वर्षं चाललं होतं माझ्या मनात.

माजघर म्हणजे आमच्याकडे दिवसाढवळ्या दिवा लावून वावरायची जागा. चिऱ्याच्या हातभर जाड भिंती, पुढे ओटी, मागे स्वयंपाकघर, खिडकीला जागाच नाही. गेल्या वर्षी उजेड यावा म्हणून हौसेनं पांढरा ऑइलपेंट मारला. चिरा पावसात ओल धरतो, आणि ती ओल त्या रंगातून बाहेर पडेना. आषाढात भिंतीला फुगे आले, श्रावणात पापुद्रे हातात. यंदा सगळं खरवडून चुना दिला, त्यात चिमूटभर नीळ. आधीच दिला असता तर पैसे वाचले असते.

पण खरा अडसर माळा. नुसती कौलं बदलून उजेड माळ्यावरच राहिला असता. चार फळ्या काढाव्या लागल्या. सासूबाईंचं तोंड तेव्हा बघण्यासारखं झालं.

"अगो, अढी कुठे घालायची मग? आंबा काळोखातच पिकतो."

आंबा पिकतो तो पेंढ्यातल्या उबेनं, काळोखानं नव्हे, हे ओठांवर आलं होतं, गिळलं. अढी कोपऱ्यात सरकवली, वर गोणपाट टाकलं.

मे महिन्यात इथे सूर्य अगदी डोक्यावर येतो. साडेबाराच्या सुमारास कौलांतून ऊन सरळ जमिनीवर उतरलं, सारवणावर दोन लख्ख चौकोन. मी बघत उभी राहिले. सासूबाई मात्र वर बघत होत्या.

"कोळिष्टकं बघ किती ती!"

वाशांवर काजळीही इतकी, की तीस-चाळीस वर्षांच्या चुली तिथेच लोंबत असाव्यात. दुपारची झोप सोडून झाडू बांबूला बांधला आणि दोघींनी मिळून वासे झाडले. नाकातोंडात काळं.

जेवताना त्यांनी नवा मुद्दा काढला: पावसात काचेवर शेवाळ धरलं की पुसायला छपरावर कोण चढणार? मुद्दा चुकीचा नाही. गडी उद्या येणार आहेत, विचारते.