आमची वाटचाल: वजनकाट्यापासून रांगेपर्यंत

सांगलीत विश्रामबागेत दोन खोल्या घेऊन फर्म सुरू केली, तेव्हा काम एकच होतं. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरची नोंद हेड ऑफिसच्या सर्व्हरला पोहोचवायची आणि शेतकऱ्याला मेसेज पाठवायचा. हंगामात काटा रात्रंदिवस चालतो, नेट मात्र केव्हाही जातं. म्हणून मध्ये रांग ठेवली, रॅबिटएमक्यूची, म्हणजे आलेले निरोप पुढचा उचलेपर्यंत सांभाळून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची. काट्याने नोंद रांगेत टाकून मोकळं व्हायचं, सर्व्हरने सवडीने उचलायची.

पहिल्याच हंगामात एक वयस्कर शेतकरी ऑफिसात आले. "गाडी एकच घातली, खात्यावर वजन दोनदा कसं?" सर्व्हरवर नोंद लिहून झाली होती, पण तिची पोच रांगेकडे परत जाण्याआधी लाइन तुटली. पोच नाही म्हणून रांगेने तीच नोंद पुन्हा दिली. रांगेचं बरोबरच होतं, हरवण्यापेक्षा दोनदा देणं बरं. चूक आमची, दुसऱ्यांदा आलेली नोंद ओळखायची सोयच आम्ही केली नव्हती. आता काट्यावरच प्रत्येक खेपेला क्रमांक पडतो. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हर फक्त पोच देतो, वजन चढवत नाही. जास्तीचं वजन परत करायला ते शेतकरी स्वतःहून आले होते, हे मी कधी विसरलो नाही.

पुढच्या वर्षी सर्व्हर मंदावला आणि रांग फुगत गेली. मेमरी भरत आल्यावर रॅबिटएमक्यूने नव्या नोंदी घेणं थांबवलं, काट्यावरचा प्रोग्राम अडकला, कारखान्याच्या यार्डात उसाच्या गाड्या खोळंबल्या. तेव्हा शेती अधिकारी म्हणाले, "यार्ड भरलं की मी फडातली तोड थांबवतो. तोडलेला ऊस उभा राहिला की वाळतो, वजन घटतं, साखरेचा उतारा पडतो." आम्ही रांग मोठी करायला निघालो होतो, त्यांनी उगमाशी हात घालायला शिकवलं. आता रांगेला मर्यादा आहे. ती भरली की काट्यावरचा संगणक नोंदी स्वतःच्या डिस्कवर ठेवतो आणि पाठवणं थांबवतो.

जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला रांगेचा नियम (तासाला येणारे गुणिले थांबायचा सरासरी वेळ, म्हणजे आत असणारे) मी प्रत्येक नव्या मुलाला यार्डावर नेऊनच शिकवतो. तासाला 20 गाड्या येतात, प्रत्येक सरासरी 6 तास थांबते, तर यार्डात सरासरी 120 गाड्या असणारच. आणि सर्व्हर 90 टक्के गुंतलेला चालवू नका, हे बजावतो. नोंदी कशाही वेळी येत असतील, तर साध्या गणितात सर्व्हर 50 टक्के गुंतलेला असताना नोंदीला सरासरी एका कामाच्या वेळेएवढी वाट पाहावी लागते, 90 टक्क्यांना नऊ कामांच्या वेळेएवढी.

दरवर्षी गाळप सुरू होण्याआधी आम्ही काट्यावर जातो, चालू कामात नेटची वायर काढतो, पुन्हा जोडतो आणि एकेक खेप पावतीशी ताडून बघतो.