जहांगीरला जायचं तर बुधवारी दुपारी

काळा घोड्याच्या फेरीत जहांगीर आर्ट गॅलरी बहुतेकांच्या यादीत शेवटी असते, म्हणजे वस्तुसंग्रहालय पाहून पाय दुखायला लागले की. मी क्रम उलटा करायला सांगेन. चर्चगेट किंवा सीएसएमटीहून रमतगमत पंधरा-वीस मिनिटं, भुयारी मेट्रोने आलात तर हुतात्मा चौक स्टेशन. वेळ सकाळी 11 ते संध्याकाळी 7. तिकीट नाही, आणि इथली सगळी गंमत त्यातच आहे. दुपारच्या सुटीत डबा संपवून आलेला बँकेतला कारकून, कॉलेजची पोरं, उन्हातून दोन मिनिटं सावलीला आलेलं जोडपं, सगळे त्याच दारातून आत येतात आणि कुणी त्यांना ‘काय घ्यायचंय?’ म्हणून विचारत नाही.

इमारत 1952ची. चित्रकार के. के. हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांच्या आग्रहावरून सर कावसजी जहांगीर यांनी खर्च उचलला. समोर रस्त्यापलीकडे त्याच घराण्याच्या नावाचा 1911चा हॉल आहे, त्यात 1996पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय भरतं. तिथे मात्र तिकीट लागतं आणि सोमवारी बंद असतं.

खासगी गॅलरी मोजके चित्रकार निवडते, त्यांना वाढवते आणि विक्रीतला मोठा वाटा, अनेकदा निम्म्यापर्यंत, स्वतःकडे ठेवते. जहांगीर नफ्यासाठी चालत नाही. चित्रकाराने अर्ज करायचा, कामं पसंत पडली की रांगेत उभं राहायचं (ही रांग वर्षांत मोजतात) आणि पाळी आली की भाडं भरून आठवडाभर भिंती ताब्यात घ्यायच्या. त्यामुळे दर्जा एकसारखा नसतो. एका दालनात पाय खिळवून ठेवणारं काम, तर शेजारच्यात बनारसचे घाट, बुद्ध आणि उधळलेले घोडे. मला हे चालतं. चाळणी फार बारीक केली, तर लहान गावातून आलेल्या, ओळखीपाळखी नसलेल्या चित्रकाराला मुंबईत भिंत कोण देणार?

प्रदर्शनाचा आठवडा मंगळवार ते सोमवार. मंगळवारी संध्याकाळी उद्घाटन, त्यामुळे चित्रांपेक्षा लोकांच्या पाठी जास्त दिसतात. सोमवारी दुपारनंतर चित्रकाराचं लक्ष गुंडाळागुंडाळीकडे लागतं. बुधवार-गुरुवारी दुपारी दालन शांत असतं आणि चित्रकार बहुधा तिथेच खुर्ची टाकून बसलेला असतो. किंमत नंतर विचारा, आधी माध्यमाबद्दल विचारा, माणूस खुलतो.

टांगणी कशी केली आहे तेही बघा. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 145 ते 155 सेंटीमीटरवर असावा. लहानमोठी चित्रं शेजारी असतील तर मध्य जुळवतात. नवखे वरच्या कडा जुळवतात आणि मग लहान चित्र छताकडे पळाल्यासारखं दिसतं. मागची तार फार ढिली सोडली की चित्र वरून पुढे झुकतं. दिवा उभ्या रेषेशी सुमारे 30 अंशांत हवा. फार समोरून आला तर काचेत दिवाच दिसतो, फार वरून आला तर चौकटीची सावली चित्रावर पडते. ॲक्रिलिकवर नखाएवढे गोल ठसे दिसले, तर बबल रॅपची फुग्यांची बाजू रंगाकडे ठेवून चित्र बांधलं होतं, एवढं नक्की. हा रंग वाळल्यावरही उष्णतेत मऊ पडतो. म्हणून आधी ग्लासीन हा गुळगुळीत कागद, मग फुगे बाहेरच्या बाजूला.

पावसाळ्यात मुंबईची दमट हवा आणखी छळते. कागदावरच्या कामाचा माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा जाड पुठ्ठा, फुगून लाटा येतात, बुरशीचे तपकिरी ठिपके उमटतात. कॅनव्हास सैल पडला तर मागच्या चौकटीच्या कोपऱ्यांतल्या लाकडी पाचरी हलक्या हाताने ठोकायच्या, फार नाही. कोरड्या दिवसांत तोच कॅनव्हास ताणला जाऊन रंगाला तडे जातात. तरीही पावसाळ्यात याच, कारण कलाशाळांमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांचं ‘मॉन्सून शो’ हे प्रदर्शन तेव्हाच भरतं. चुका ठळक असतात, पण घाबरून केलेलं काम कमी असतं.

इथलं समोवार हे कॅफे 1964पासून 2015पर्यंत चाललं. एका चहावर तासभर वाद घालायची सोय त्याच्याबरोबर गेली, आणि माझ्या मते ते नुकसान एखादं दालन बंद होण्याइतकं मोठं आहे. पहिल्या मजल्यावर 1963मध्ये सुरू झालेली केमोल्ड गॅलरीही 2007मध्ये प्रेस्कॉट रोडला गेली.

बाहेर पडल्यावर फुटपाथवरची चित्रं ओलांडून जाऊ नका. आत पाळी लागायला वर्षं जातात. इथे चित्रकार थेट कठड्याला टेकवून कामं मांडतात आणि समोर बसवून व्यक्तिचित्रही काढून देतात. काढून घ्यायचं असेल तर दर आणि माध्यम आधी ठरवा. कोळशात काढलेलं असेल तर फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा कागदाला धरून ठेवणारा फवारा, मारलंय का ते विचारा, नाहीतर लोकलच्या गर्दीत चेहऱ्याचा निम्मा कोळसा पिशवीला लागतो.