तुम्ही विचारलंत म्हणून: फॉर्म सोडून वस्तीत का बसता?

घरोघरच्या पाहणीचा दोन पानी फॉर्म भरून घेतला की भागतं, मग वस्तीत तासन्‌तास बसता कशाला? हे मला अधिकारी विचारतात, देणगीदार विचारतात आणि अधूनमधून माझी आईही.

फॉर्ममध्ये प्रश्न असतो, 'रेशन मिळतं का?' उत्तर येतं, 'हो.' ते खोटं नसतं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य यादीतल्या गरीब कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदयवाल्यांना, म्हणजे सर्वांत गरिबांना, घरटी ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून तेही फुकट.

पण पुण्यात धुणंभांडी करणाऱ्या एका ताईंकडे जाऊन बसायला लागले, तेव्हा त्या 'हो'च्या पोटात काय काय आहे ते दिसलं. माल आल्याची बातमी नळावर कळते. ताईंचा अंगठा ई-पॉस, म्हणजे रेशन दुकानातलं बोटाचा ठसा तपासणारं मशीन, घेत नाही. भांडी घासून रेषाच झिजल्यात. मग नववीतल्या लेकीला शाळा बुडवून रांगेत उभं करायचं, कारण तिचं बोट चालतं. तिकडे हजेरीपटावर गैरहजेरी लागते आणि शाळा म्हणते, 'पालकांना शिक्षणाचं महत्त्व नाही.' रेशनचा फॉर्म शाळेचं विचारत नाही, शाळेचा रेशनचं.

दवाखान्याचंही तेच. सरकारी ओपीडी सकाळची आणि ताईंची चारही घरं सकाळचीच. खाडा केला की पैसे कापले जातात. गल्लीतला डॉक्टर रात्री उघडा असतो, उधारीवरही बघतो. "फुकटचंच महाग पडतं हो," ताई म्हणाल्या. मुंबई पालिकेने २०२२ पासून 'आपला दवाखाना' काढून बऱ्याच ठिकाणी वेळ रात्री १० पर्यंत नेली. माझ्या मते जनजागृतीच्या शंभर फलकांपेक्षा ते मोलाचं.

असं किती घरांत होतं, हे मात्र मला विचारू नका. मोजायला फॉर्मच लागतो. आमच्या फॉर्ममध्ये आता एक प्रश्न वाढलाय: रेशन आणायला कोण जातं आणि त्या दिवशी त्याचं काय बुडतं?

अवघड जातं ते वेगळंच. थोडा तांदूळ कोपऱ्यावर विकला जातो, त्या पैशांत तेल येतं. हे माझ्याजवळ बोलायला ताईंनी बराच काळ घेतला. अहवालात वस्तीचं नाव मी गाळते, तरी साहेब वाचून म्हणतात, 'म्हणजे यांना गरजच नाही!' म्हणून त्या ओळीला लागूनच मी त्या महिन्याचा तेलाचा भाव आणि ताईंचा पगार लिहिते. जागा कमी आहे, छाटा म्हणाले, तर तिन्ही छाटते. तांदळाची ओळ एकटी पाठवत नाही.