पाचव्या खान्यातली डिस्क

तक्रारीच्या तिकिटावर एवढंच होतं: ‘बे ५ मधून घरघर. डिस्क स्लो. बदलणे.’ त्याच सर्व्हरच्या त्याच बेमधली, म्हणजे खान्यातली, डिस्क उन्हाळा लागल्यापासून दोनदा बदलून झाली होती आणि दोन्ही तिकिटं ‘काम पूर्ण’ म्हणून हिरवी होती. मशीन एका पॅथॉलॉजी लॅबचं. इंदूरला आमच्या डेटा सेंटरच्या रॅकमध्ये त्यांनी फक्त जागा भाड्याने घेतलेली, मशीन आणि डिस्क त्यांच्याच. तिथलं कॉम्प्युटरचं सगळं बघणारे काका लोकमान्य नगरचे, पैशाला चोख. सकाळी फोनवर म्हणाले, “अहो, डिस्का खाता की काय तुम्ही लोक?” काका, मशीन तुमचंच आहे, हे अगदी ओठावर आलं होतं.

बाहेरच्यांना वाटतं, डिस्क वाजायला लागली की कानाला कळेल. आमच्या हॉलमध्ये शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं, तिथे डिस्क काय ऐकू येणार! म्हणून मी लांब स्क्रूड्रायव्हर ठेवतो. टोक डिस्क बसवलेल्या चौकटीवर, म्हणजे कॅडीवर, मूठ कानामागच्या हाडावर, गॅरेजवाले इंजिनला लावतात तसा. नवी पोरं हसतात, पण त्यातून बरंच कळतं. हेड, म्हणजे लिहिणारं-वाचणारं टोक, जागा शोधत फिरतं त्याची बारीक कटकट, ती निरोगी डिस्कची. टक-टक-टक, जरा शांत, पुन्हा टक-टक-टक, म्हणजे हेडला प्लॅटरवरच्या, आतल्या फिरत्या तबकडीवरच्या, खुणाच सापडत नाहीयेत. अशी डिस्क ‘बघू तरी’ म्हणून पुन्हा चालू करू नये. डेटा हवा असेल तर तिथेच बंद करावी आणि रिकव्हरीवाल्याकडे द्यावी. शिट्टीसारखा सूर चढत गेला तर बेअरिंग गेलं. चालू करताना नुसतीच कुईं-कुईं आली तर मोटरला प्लॅटर हलवता येत नाहीये, बहुतेक वेळा हेड चिकटलेलं असतं. घरघर मात्र यातल्या कशातच नीट बसत नाही. पाचव्या खान्यावर स्क्रूड्रायव्हर ठेवला तर घरघर होती. चौथ्यावरही होती, जरा कमी. तिकीट लिहिणाऱ्याने चौथ्याला कान लावलाच नसणार.

मग आकडे काढले. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते तिला स्मार्ट म्हणतात. त्यात ५ नंबरचा, म्हणजे खराब झाले म्हणून बदली दिलेल्या सेक्टरांचा (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांचा) आकडा शून्य. १९७, वाचता न येणारे आणि निकालाची वाट बघत पडलेले सेक्टर, शून्य. १९८, तपासणीत वाचताच न आलेले सेक्टर, तेही शून्य. १९९ वर केबलच्या चुका चढतात, तोही शून्य, म्हणजे केबल आणि बॅकप्लेन, डिस्का ज्यात खोचतात तो बोर्ड, यांच्यावरचा संशय जवळजवळ गेला. शून्यावर फार विसंबूही नये. बॅकब्लेझ कंपनीने २०१६ मध्ये आपल्याकडच्या डिस्कांचा हिशोब मांडला होता. मेलेल्या डिस्कांपैकी २३.३ टक्के अशा निघाल्या, की ज्या पाच आकड्यांवर ते लक्ष ठेवतात ते सगळे शून्यच होते. पण डिस्कला कामाला किती वेळ लागतो ते दाखवणारी आयओस्टॅट कमांड वेगळंच सांगत होती. बाकीच्या डिस्कांना लिहायला दहा-बारा मिलिसेकंद, पाचवीला चारशेच्या वर. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेऱ्या मारते, एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची. लिहिणं एकदा हुकलं की तीच जागा हेडखाली परत यायला पूर्ण फेरी जाते. रांगेत थांबण्याचा वेळ वजा केला तरी डिस्क फेऱ्यांवर फेऱ्या वाया घालवत होती.

आणि हे फक्त लिहिताना. वाचताना जवळजवळ ठीक. माझं डोकं इथेच अडकलं. पृष्ठभाग खराब झाला की आधी वाचण्याची बोंब होते. लिहिण्याची होते ती हेड ट्रॅकवर, प्लॅटरवरच्या गोल रेघेवर, स्थिर राहत नसेल तेव्हा. शेजारचा ट्रॅक बिघडू नये म्हणून डिस्क हेड जरा सरकलं तरी लिहिणं थांबवते, वाचताना तेवढी काटेकोर नसते. थोडक्यात, तिला कोणीतरी हलवत होतं.

काका म्हणाले, “दुपारी रिपोर्ट निघतात, त्याचा लोड असेल.” पण रविवारी लॅब अर्धा दिवस असते आणि दुखणं रविवारी दुपारीही तेवढंच. मी विलंबाच्या आलेखाशेजारी मशीनमध्ये शिरणाऱ्या हवेच्या तापमानाचा आलेख ठेवला. चढ-उतार दोन्हीत एकाच वेळी. आमचा हॉल बारा महिने २४ अंशांवर असतो, असं माहितीपत्रकात छापलेलं आहे. मे महिन्यात दुपारी तीनला तिथे येऊन उभं राहावं, मग बोलू. हवा तापली की मशीनचे पंखे वेग वाढवतात, आणि या दोन-यू, म्हणजे रॅकची दोन मापं उंचीच्या, मशीनमध्ये पंख्यांची ओळ डिस्कांच्या अगदी पाठीला असते.

आवाजाने डिस्क मंदावते हे काही मी शोधलेलं नाही. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना ब्रेंडन ग्रेग याने २००८ मध्ये डिस्कांच्या पेटीसमोर तोंड नेऊन ओरडून दाखवलं होतं, पडद्यावर विलंब लगेच उसळला. २०१६ मध्ये बुखारेस्टला एका बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आग विझवणाऱ्या गॅसची चाचणी घेतली, तर आग नसताना नुसत्या गॅस सुटण्याच्या आवाजाने डिस्का निकामी झाल्या. आमच्याकडे हे सगळ्यांनी वाचलेलं आहे. तिकीट आलं की मात्र कोणालाच आठवत नाही, कारण तिकिटाच्या यादीत ‘डिस्क बदलली’ हा पर्याय आहे आणि ‘कंपन’ हा नाही.

काकांची परवानगी घेऊन भर दुपारीच एकेक पंखा काही सेकंदांसाठी काढून बघायचं ठरवलं. ज्युनियर पडद्यासमोर, मी रॅकमागे. पहिला काढला. एक पंखा कमी झाल्याचं कळताच बाकीचे पूर्ण वेगाने बोंबलायला लागले, पाचवी डिस्क होती तिथेच. परत लावला, सगळं निवू दिलं, दुसरा काढला. पुन्हा तोच गोंगाट, आणि त्यातून ज्युनियर ओरडला, “भिया, ग्यारह पे आ गया!” मशीन पहिल्यापेक्षा दुप्पट किंचाळत होतं आणि डिस्क अकरा मिलिसेकंदांवर निवांत लिहीत होती.

पंखा हातात घेऊन बोटाने फिरवला. बेअरिंग चांगलं. पण एका पात्याचा कोपरा नखाएवढा उडालेला. त्याच्या जागेखाली कापलेल्या केबल टायचा, वायरी बांधायच्या प्लास्टिक पट्टीचा, तुकडा पडला होता, धार असलेला. कोणीतरी टाय ओढून कापला आणि टोक उचलायचा कंटाळा केला. वायरिंग करणाऱ्यांच्या खिशात कचऱ्याची पिशवी असावी असं मी मागेच सुचवलं होतं, तेव्हा मला स्वच्छता अभियान म्हणून चिडवलं. तोल गेलेला तो पंखा आरपीएम मात्र बरोबर दाखवत होता, त्यामुळे मॉनिटरिंगमध्ये सगळं हिरवं. त्यात काकांनी स्वस्तात घेतलेल्या डेस्कटॉपच्या डिस्का. सर्व्हरसाठी बनवलेल्या बऱ्याच डिस्कांमध्ये कंपन ओळखून हेड सावरणारे सेन्सर असतात, यांच्यात ते नव्हते. दोनदा बदलून घातल्या त्याही तशाच.

पंखा बदलला, घरघर गेली. वाद राहिला तो काढलेल्या दोन डिस्कांचा. त्या माझ्या टेबलावरच्या मशीनला लावल्या. एक अगदी स्वच्छ. दुसरीवर १९७ चा आकडा आठ. तिच्यावर पूर्ण शून्यं लिहिली, तर १९७ शून्यावर आला आणि ५ जागचा हलला नाही. डिस्कने एकही सेक्टर बदलून घेतला नाही, म्हणजे पृष्ठभाग धड आहे. थरथरत लिहिल्यामुळे तेवढा मजकूर बिघडला होता, असं मी धरतो. आमचे साहेब म्हणतात, चांगली आहे ना, मग काकांना परत द्या. काका म्हणतात, “एकदा आजारी पडलेली डिस्क मी रुग्णांच्या रिपोर्टांना लावणार नाही. भरपाई द्या.” दोघांचंही बरोबर वाटतं. मी ती टेबलावर रात्रंदिवस लिहा-वाचायला लावली आहे. अजून काही दाखवत नाही.

साहेबांना मी लेखी कळवलंय की प्रत्येक डिस्कचा लिहिण्याचा विलंब आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान एकाच पडद्यावर हवं, आणि एकाच खान्यातली डिस्क दुसऱ्यांदा बदलायची वेळ आली तर आधी पंखे तपासायचे. पहिली गोष्ट मंजूर झाली, फक्त काकांच्या मशीनपुरती. दुसऱ्यावर उत्तर आलं की तिकीट चार तासांत बंद व्हायला हवं, पंखे काढत बसलो तर वेळ कुठून आणायचा.